हिरवी चिंधी

दिवाळीच्या पणत्या माळ्यावर जातात न जातात तोच कारंज्याच्या रस्त्यांवर कापूस दिसायला लागतो. मंगरूळकडून येणाऱ्या गाड्या कडेच्या बाभळींना घासत जातात आणि काट्यांना पांढरे पुंजके लटकून राहतात. यंदाही लटकले. परवा सकाळी मी ओट्यावर ऊन खात बसले होते, तर समोरून कापसाचा टेंपो गेला आणि एक पुंजका उडत येऊन नेमका माझ्या चष्म्यावर बसला. नातसून पुसायला धावली. मी म्हटलं, "राहू दे गं, ओळखीचा आहे." ती हसली. तिला वाटलं आजी गंमत करते, आणि तिला तसं वाटू देणं बरंही होतं, कारण खरं सांगायला बसले असते तर तिचा कुकर तीनदा वाजून गेला असता.

वर्षाला सहा ऋतू असतात हे मी चौथीत शिकले आणि लग्न होऊन कारंज्याला आल्यावर विसरले. जिनातल्या बायांना ऋतू दोनच. जीन सुरू असतं तो एक आणि बंद असतं तो दुसरा. जीन म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. त्याचं मोठं इंग्रजी नाव फाटकाच्या पाटीवर लिहिलेलं होतं, पण पाटी वाचून कोणी कामाला जात नाही. वावरात शीतादही झालं, म्हणजे पहिल्या वेचणीआधी कपाशीला दहीभाताचा नैवेद्य दाखवून झाला, की इकडे जिनाची झाडझूड निघायची. यंत्रांच्या रुळांवर नवं चामडं चढायचं, पट्टे ताणले जायचे, आणि एका सकाळी भोंगा वाजायचा. त्या भोंग्यानं अख्खी पेठ जागी व्हायची. आमच्या चुली मात्र त्याच्या आधीच पेटलेल्या असायच्या.

हे सगळं पन्नास सालानंतरचं. आमचा मुलूख तेव्हा मध्यप्रदेशात होता, राजधानी नागपूर होती आणि आम्हाला त्या दोन्ही गोष्टींचा काही पत्ता नव्हता. आमची राजधानी जिनाचं फाटक.

फाटकातून आत गेलं की पहिल्यांदा पायांना कळायचं. जमीन थरथरत असायची. मग नाकाला कळायचं. तापलेल्या चामड्याचा वास, सरकीचा तेलकट गोडूस वास, आणि त्या दोन्हींवर कापसाची कोरडी धूळ. रांगेनं यंत्रं मांडलेली, प्रत्येक यंत्रापाशी एक बाई. पाटीतला कापूस मुठीमुठीनं रुळावर सोडायचा. रुई पुढे पडायची, सरकी खाली. पापण्यांवर रुई, केसांत रुई, भाकरीच्या फडक्यात रुई. घरी गेल्यावर सासूबाई माझ्या डोक्याकडे बघून म्हणायच्या, "आली वं माही म्हातारी." मी तेव्हा विशीतली होते. आता केस खरेच तसे झाले आहेत आणि म्हणायला त्या नाहीत.

आवाजाचं तर काय सांगावं. शेजारच्या बाईनं बोंब मारली तरी ऐकू येत नसे. म्हणून आम्ही ओठांनी बोलायचो. माझ्या शेजारच्या यंत्रावर साळूबाई होती. अंगानं थोराड, जिभेची तिखट, चार लेकरांची आई. तिच्या जावेशी झालेली भांडणं मी अथपासून इतिपर्यंत तिच्या ओठांवरून वाचलेली आहेत, आणि सगळ्यांत तीच जिंकलेली आहे. आजही मी टीव्हीचा आवाज बंद करून बातम्या बघते. नातवंडं म्हणतात, आजीचे कान गेले. कान शाबूत आहेत, सवय गेली नाही इतकंच.

लेकरं मात्र बाहेर असायची.

आवारात सरकीच्या ढिगांपलीकडे एक मोठा कडुनिंब होता. ज्या बाईचं लेकरू अंगावर पीत असेल, तिनं आपल्या जुन्या लुगड्याची झोळी करून त्या निंबाच्या फांदीला बांधायची आणि लेकरू त्यात निजवून आत जायचं. हंगामात तो निंब रंगीबेरंगी झोळ्यांनी भरून जायचा. झोळ्यांपाशी बसायच्या माझ्या सासूबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. त्यांची सगळी उमर त्याच जिनात गेलेली; पुढे कापसाच्या धुळीनं दम लागायला लागला तेव्हा काम सुटलं, पण पायांची वाट सुटली नाही. हातात निंबाची डहाळी घेऊन माशा हाकत त्या दिवसभर झोळ्यांना झोके द्यायच्या.

आता लेकरू रडलं तर आईला कळायचं कसं? आत तर आभाळ कोसळलं तरी कळत नसे. त्यावर आत्याबाईंनी एक रीत काढली होती. प्रत्येक झोळीच्या काठाची एक चिंधी फाडून त्यांनी आपल्या कमरेला खोचून ठेवलेली असायची. साळूच्या झोळीची एकेकाळी जांभळी होती, माझ्या थोरल्या गजाची हिरवी, माझ्या लग्नातल्या लुगड्याची. लेकरू भुकेनं रडायला लागलं की आत्याबाई उठायच्या, जिनाच्या दारात येऊन उभ्या राहायच्या आणि त्या लेकराची चिंधी हात उंच करून धरायच्या. ज्या बाईची चिंधी, तिला कळायचं.

कळायचं आणि तेवढंच. चिंधी दिसली की आमची मान आधी मुकादमाकडे वळायची. मुकादम शेषराव एक बोट हलवायचा, म्हणजे नाही. भोंगा होऊ दे. शेषराव काही राक्षस नव्हता, त्यालाही लेकरं होती. पण यंत्रापाशी बाई नसली की रूळ रिकामा फिरतो, चामडं जळतं आणि मालक शेषरावाला फाडून खातो. म्हणून त्याचं बोट हलायचं, आम्ही पुन्हा मूठ भरायचो, आणि आत्याबाई दारात चिंधी धरून उभ्याच राहायच्या. अंगावर पाजणाऱ्या आईला हे सहन करायला सांगणं म्हणजे काय, ते ज्यांनी केलं त्यांनाच ठाऊक. मन आवरता येतं हो, छातीला कोण समजावणार? पान्हा फुटून चोळी भिजायची आणि ओल्या चोळीला हवेतली रुई चिकटत जायची. भोंगा झाल्यावर आम्ही निंबाकडे पळत सुटायचो तेव्हा प्रत्येकीच्या छातीवर रुईचे दोन गोल असायचे. बाप्ये माणसं मान खाली घालायची. आम्हाला लाजायला वेळ नसायचा.

अशाच एका हंगामात, संक्रांत जवळ आलेली असताना, देवरावभाऊंनी निंबाखाली सभा घेतली. देवरावभाऊ प्रेसखात्यातले, म्हणजे रुईच्या गाठी दाबतात तिथले, फिटर आणि आमच्या युनियनचे सेक्रेटरी. हडकुळा माणूस, खाकी सदरा, आणि बोलताना एक डोळा बारीक करायची खोड. बाजाराचा दिवस, जीन बंद. सगळ्या बाया भाजीच्या पिशव्या घेऊनच बसल्या होत्या.

"बायाहो," भाऊ म्हणाले, "अकोल्याले युनियनचं सालाचं अधिवेशन हाय. समद्या गावच्या जिनातून प्रतिनिधी येनार. दरसाल आमी बाप्ये जातो. औंदा ठरलं का आपल्या जिनातून एक बाई बी जाईन. कोन जाते, ते तुमीच सांगा."

सगळ्यांच्या माना साळूबाईकडे वळल्या. तिच्यासारखं भांडणारं दुसरं होतं कोण? पण साळूनं पिशवीतली मेथीची जुडी बाजूला ठेवली आणि ताडकन म्हणाली, "मी नाई जात. मी गेलो तं भांडन करून येईन, ठराव नाई. अन् माहे लेकरं मोठे झाले. आता चिंधी दिसली तरी माही छाती भरत नाई. ज्याची चिंधी हालून राह्यली, त्यानं जावं."

झोळीत लेकरू असलेल्या आम्ही बऱ्याच होतो. त्यांतली चौथी शिकलेली मी एकटी. साळूनं माझ्याकडे बोट केलं. "हे जाईन. शेवंता."

मी म्हटलं, "मी? मले तं घरी बी बोलता येत नाई."

"घरी कोनाले येते?" साळू म्हणाली आणि सगळा निंब हसला. भाऊंनी हात वर करायला सांगितलं. हात वर झाले. एकदोघींनी तर दोन्ही केले.

लोक निवडून येतात तेव्हा त्यांना काय वाटतं मला माहीत नाही. मला वाटली भीती, आणि भीतीच्या खाली कुठंतरी एक आनंद, जो मी कोणाला दाखवला नाही. आजवर माझ्या बाजूनं एवढे हात एकदम कधीच वर झाले नव्हते. लग्नात अक्षता टाकायला झाले असतील तेवढेच.

घरी मोठा प्रश्न होता. गजाचे बाबा गाडीवान, खेड्यापाड्यांतून कापूस भरून आणायचे. त्यांना सांगितलं तर ते बैलाच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "मायले इचार." आमच्या घरचं हायकोर्ट म्हणजे आत्याबाई.

आत्याबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मी समोर बसले आणि मीही सोलायला लागले.

"साळीनं नाव सांगतलं म्हने तुहं," त्या म्हणाल्या.

"हो."

"बाईमानूस आगगाडीत बसून भाषन कराले जाते काय? अन् लेकरू? लेकरू काय प्रेसमंदी दाबून ठेवतं?"

मी हातातली शेंग सोलून दाणे सुपात टाकले. मग न राहवून विचारलं, "आत्याबाई, तुमी जिनात व्हत्या तवा तुमची चिंधी कोन दाखवे?"

त्यांचे हात थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, सुपातल्या दाण्यांकडेच बघत राहिल्या.

"आमच्या टायमाले चिंधी नव्हती पोरी. अफू व्हती. मोहरीएवढी गोळी बोटावर घ्याची, लेकराले चाटवाची. लेकरू भोंगा होयेपावतर झोपे. मी चाटवली, माह्या जावेनं चाटवली, समद्याईनं चाटवली." त्या दाण्यांवरून बोट फिरवत राहिल्या. "गजाच्या बाबाच्या आंधी माही एक पोरगी व्हती. ते झोपली ते उठलीच नाई."

अंगणात कोंबडी शेंगांच्या टरफलात पाय मारत होती. मी तिला हाकलायलाही उठले नाही.

"मंग मी चिंधी काढली," आत्याबाई म्हणाल्या. "म्हटलं, जाता येवो न येवो, लेकरू रडून राह्यलं हे मायले कळलं तं पाह्यजे. अफू नोका देऊ म्हनून एकएकीच्या पाया पडलो मी." त्यांनी सूप बाजूला सरकवलं. "जा तू. कळते तं हाय आता. आता जाता बी आलं पाह्यजे. लेकराले घेऊन मी येतो संगं."

त्या दिवसापर्यंत मी आत्याबाईंना नुसती भीत होते. त्या दिवसापासून त्यांच्यावर माझी माया जडली, आणि ती त्या गेल्यावरही उतरलेली नाही.

मधल्या सुट्टीत देवरावभाऊ मला भाषण शिकवायला लागले. भाकरी खाता खाता मी पाठ करायची. माननीय अध्यक्ष महाराज आणि बंधुभगिनींनो, इथून सुरुवात. ठराव साधा होता. अंगावरच्या लेकरांना आवारात सावलीची जागा असावी, आणि त्यांना पाजायला आईला भोंग्याची वाट न बघता सुट्टी मिळावी. कायदा झाला होता म्हणे तसा, पण तो अजून आमच्या फाटकाच्या आत आला नव्हता. भाऊंनी डोळा बारीक करून सावध केलं, "लोक म्हनतीन, बायाचा प्रश्न हाय, 'इतर मागण्या'त टाका. टाकू द्याचा नाई. 'इतर'मंदी गेलं ते अडगळीत गेलं. येगळा ठराव झाला तरच मालकासमोर मांडता येते." एवढंच माझं काम. 'इतर'मध्ये जाऊ द्यायचं नाही.

कारंज्याहून मूर्तिजापूरपर्यंत लहान गाडी, तिथून अकोल्याची मोठी. लहान गाडी कुठं चालते आहे आणि कुठं उभी आहे हे आत बसून कळत नसे. आत्याबाई बाकावर बसायला तयार नव्हत्या. खालीच फतकल मारून, गजाला मांडीवर घेऊन बसल्या. बाहेर हरभरा फुलावर आलेला, ज्वारीची कणसं भरलेली. खिडकीतून गार वारा येत होता आणि त्याला ओल्या हरभऱ्याचा आंबूस वास होता. माझ्या ओठांवर सारखं अध्यक्ष महाराज, अध्यक्ष महाराज. आत्याबाई म्हणाल्या, "पुरे कर वं, अध्यक्षाले उचकी लागन."

अकोल्याचा मांडव केवढा! लाल पताका, बांबूंवर चढवलेले कर्णे, चहाच्या मोठमोठ्या किटल्या आणि गावोगावचे कामगार. फाटकाशी एका बाईनं माझ्या पदराला कागदी फुलाचा बिल्ला लावला. त्यावर लिहिलं होतं 'प्रतिनिधी'. मी तो इतक्यांदा खाली मान घालून वाचला की मानेला रग लागली. आत्याबाई माझ्यामागून आत शिरायला लागल्या तर दंडाला लाल फीत बांधलेला स्वयंसेवक आडवा आला.

"आजी, बिल्ल्याशिवाय आत सोडायचा हुकूम नाही."

"मंग ह्या लेकराले लाव बिल्ला," आत्याबाईंनी गजाला पुढं केलं. "ह्याच्याच पायी आलो आमी एवढ्या दूर."

तो बिचारा गोरामोरा झाला. हुकूम त्यानं मोडला नाही, पण मांडवाबाहेरच्या निंबाखाली त्यांना बाक आणून दिलं आणि चहाही आणून दिला. आत्याबाईंनी बाकावर चहा ठेवला आणि स्वतः खाली बसल्या. मग निंबाची फांदी बघितली, पिशवीतून झोळी काढली आणि बांधली. आमचं जीनच जणू अकोल्याला आलं.

पहिला दिवस भाषणं ऐकण्यात गेला. दुसऱ्या दिवशी आमचा ठराव जेवणाआधी येणार होता, तो जेवणानंतर गेला, मग आणखी मागे गेला. भाऊंचं भाकीत खरं ठरलं. एक जाडजूड प्रतिनिधी उठून म्हणाले, ठराव चांगला आहे, भगिनींबद्दल आदर आहे, पण हा घरगुती स्वरूपाचा प्रश्न असल्यानं तो 'इतर मागण्यां'त समाविष्ट करावा. बऱ्याच माना डोलल्या. अध्यक्ष म्हातारे होते, शांत, जाड चष्म्याचे. त्यांनी घड्याळ पाहिलं. देवरावभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. माझं नाव पुकारलं गेलं.

मी माइकपुढं उभी राहिले आणि जिनात बोंब मारतात तशी बोंब मारली, "माननीय अध्यक्ष महाराज!" कर्णे किंचाळले. पुढच्या रांगेनं कानांवर हात ठेवले. मांडव खदखदून हसला. अध्यक्ष हळूच म्हणाले, "बाई, सावकाश. ऐकू येतंय." मी सावकाश बोलले तर आणखीनच घाबरले, कारण कर्ण्यातून माझा आवाज मलाच ऐकू आला. काम करताना स्वतःचा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. तरी रेटलं. सावलीच्या जागेपर्यंत आले. आणि समोर पाहिलं तर मांडवाच्या दारात, शेकडो डोक्यांच्या पलीकडं, आत्याबाई उभ्या. हात उंच. हातात हिरवी चिंधी.

गजाची वेळ केव्हाच टळून गेली होती. ठराव मागे मागे जात राहिला आणि मी आतच अडकले. आत्याबाईंनी त्यांना जे येत होतं ते केलं. आणि मीही मला जे येत होतं तेच केलं. मी गप्प झाले आणि माझी मान आपोआप वळली, मुकादमाकडे. मुकादम तिथं नव्हता, अध्यक्ष होते. मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांना वाटलं, बाई भाषण विसरली.

"बोला, बोला," ते म्हणाले.

"साहेब," मी म्हटलं, आणि ते सगळ्या कर्ण्यांतून गेलं, "माह्या लेकराची चिंधी आली. जाऊ काय?"

आधी हशा उठला. मग लोकांनी मागे वळून आत्याबाईंना पाहिलं. त्या हात खाली घेईनात. त्यांना सवयच नव्हती, आई उठेपर्यंत हात खाली घ्यायची. हसू विरत गेलं. पाठ केलेलं सगळं माझ्या डोक्यातून निघून गेलं होतं, म्हणून मी नुसतं सांगितलं. निंब सांगितला, झोळ्या सांगितल्या, प्रत्येक लेकराची वेगळी चिंधी सांगितली, शेषरावाचं बोट सांगितलं. चोळीला रुई चिकटते तेसुद्धा सांगितलं, एवढ्या बाप्यांसमोर. चिंधीच्या आधी काय चाटवत होते तेही सांगितलं. आता मांडव इतका चिडीचूप होता की बाहेर गजा रडत होता ते मला ऐकू आलं. कामावर उभी असताना माझ्या लेकराचं रडणं मी पहिल्यांदा ऐकत होते.

अध्यक्षांनी चष्मा काढला. "जा बाई," ते म्हणाले. "आधी जा."

"जातो," मी म्हटलं. "पन तुमी इथं जा म्हनलं. आमच्या जिनात कोनी म्हनत नाई. तेवढंच सांगाले आलो मी. आता याले 'इतर'मंदी टाकाचं का नाई, ते तुमी पाहा."

आणि मी माइक सोडून चालायला लागले. मधल्या वाटेत बसलेल्या लोकांनी पाय आखडून घेतले. तो जाडजूड प्रतिनिधीही उठून बाजूला झाला.

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे कोणाच्या जिवाला घोर नको. सगळं एकदम झालं नाही. मालकानं टाळाटाळ केली, युनियनला फाटकाशी धरणं धरून बसावं लागलं, दुसऱ्या गावच्या काही जिनांत तर फार उशिरा झालं. पण आमच्या जिनात पुढच्याच हंगामात निंबाला लागून टिनाची शेड उभी राहिली, पाण्याचा माठ आला, आणि रिकाम्या यंत्रावर उभी राहायला एक जास्तीची बाई ठेवली गेली. चिंधी दिसली की शेषरावाचा हात हलायचा, पण आता सगळा हात, बाहेरच्या दिशेनं. साळू म्हणायची, "पाहा, मुकादमाचं बोट सुधारलं." माझी धाकटी दोघं त्या शेडमध्ये वाढली. पुढं मी युनियनच्या वाचनालयातली पुस्तकं वाचत गेले, उशिरा का होईना लिहायलाही लागले. गजा आता आजोबा झालाय, बीपीची गोळी विसरतो आणि मी ओरडते. ते जीन केव्हाच बंद पडलं. नव्या कारखान्यांत कापूस आपोआप आत ओढला जातो म्हणतात, यंत्रापाशी बायांची रांग लागत नाही. आणि ती हिरवी चिंधी मी काही पेटीत जपून ठेवली नाही. कंदिलाची काच पुसायला घेतली, पुसून पुसून विरली.

पण परवा चष्म्यावर कापूस बसला तेव्हा मला शेड आठवली नाही, शेषराव आठवला नाही. आठवलं ते अकोल्याचं निंबाचं झाड. झोळीतून गजाला काढून मी पदराखाली घेतलं होतं. त्याचे हुंदके हळूहळू थांबत होते आणि तो डोळे मिटून घटाघट पीत होता. बिल्ल्याचं कागदी फूल त्याच्या गालाला टोचत होतं म्हणून मी ते काढून बाकावर ठेवलं होतं. मांडवात ठरावावर हात वर व्हायचे होते आणि माझा हात तिथं नव्हता. कर्ण्यातून काहीतरी गडबड ऐकू येत होती, पण शब्द लागत नव्हते. आत्याबाईंना आता त्या स्वयंसेवकानं दारात उभं राहू दिलं होतं. त्या टाचा उंचावून आत बघत होत्या. मला त्यांची पाठ तेवढी दिसत होती. मी वाट बघत होते, आणि इतकी वाट मी भोंग्याचीसुद्धा कधी पाहिली नव्हती.

मग आतून टाळ्यांचा कडकडाट झाला. आत्याबाई वळल्या. मोठ्यानं ओरडून सांगायचं त्यांना सुचलंच नाही. इतकी वर्षं दारात उभं राहून त्या एकाच पद्धतीनं निरोप देत आल्या होत्या. त्यांनी हात उंच केला आणि हिरवी चिंधी माझ्यासमोर धरली. तोंडभर हसत होत्या.

चिंधी दिसली तशी मी सवयीनं उठायला लागले. मग ध्यानात आलं, लेकरू तर माझ्या मांडीवरच होतं.